शेषरावचा कूलर आणि माझं ऊन

लोकांच्या फजित्या मी आयुष्यभर मीठमसाला लावून सांगितल्या. आज माल घरचाच आहे. चहा घ्या अन् ऐका.

शिरपूरजवळच्या आमच्या गावात छपरावर सोलर बसवणारा पहिला माणूस मी. शाळा चौथीपर्यंतची, पण बसवणाऱ्यानं सांगितलं ते सगळं पाठ केलं. दिवसा जास्तीची वीज गावाच्या तारेत जाते, रात्री आपण तारेतली घेतो, अन् नवं मीटर दोन्हीकडचं मोजतं. आता एवढं ज्ञान माझ्या पोटात मावेल का?

शेजारचा शेषराव माझा लंगोटीयार. मे महिन्याची दुपार, त्याचा कूलर घरघरत होता. मी ओट्यावरूनच म्हटलं, "शेषा, गार वाटून राह्यलं का? माह्या छपरावरचं ऊन आहे ते. माह्या घरून वीज निघाली का पहिलं घर तुहंच लागते."

तो हसला. तिथं थांबलो असतो तर मी कसला? दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं, तिसऱ्या दिवशी रिसोडच्या एसटीत, की शेषरावच्या घरात माझी हवा खेळते. वर हेही, की गावाची लाईन गेली तरी माझ्या घरी दिवाळीच राहील. एसटी हसली. शेषराव मागच्या सीटवर गप्प. मला वाटलं, आवडलं त्याला.

अन् एका भर दुपारी लाईन गेली. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा, अन् माझा पंखा-कूलर ठप्प! बायकोनं पदरानं वारा घेत शांतपणे विचारलं, "दिवाळी कुठं गेली?"

तसाच बोडक्या डोक्यानं डीपीपाशी गेलो. लाईनमन खांबावर चढलेला. खालूनच त्याची हजेरी घेतली, की ऊन माझं, पॅनेल माझं, मग माझी लाईन कोणी तोडली?

तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "कोणी नाई तोडली, आबाजी. तारेत लाईन नसली का तुमचं सोलर आपोआप बंद होते. ते चालू राह्यलं असतं, तं मी इथंच चिपकलो असतो."

त्याच्या चपला खांबाखाली काढून ठेवलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो, तो खाली उतरेपर्यंत.

येताना शेषरावच्या दारात टेकलो. आत त्याची आई, गयामाय, डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसली होती. लहानपणी हिच्या हातच्या भाकरी मी शेषरावपेक्षा जास्त खाल्ल्या. म्हटलं, "येतेच लाईन, माय. मंग कूलर लाव."

"तो तं पाच दिवसापासून बंद आहे, बाबू," ती म्हणाली. "शेषा म्हन्ते, उपकाराची हवा नाई पायजे आपल्याले."

तेवढ्यात लाईन आली. भिंतीपलीकडे माझा कूलर सुरू झाला. हिचा मात्र बंदच.

मी उठलो, दोन बादल्या पाणी तिच्या कूलरमध्ये ओतलं अन् बटण दाबलं. शेषराव आतून आला, त्यानं बंद केलं. मी पुन्हा दाबलं. त्यानं पुन्हा बंद केलं. सत्तरीचे दोन म्हातारे अन् एक बटण!

शेवटी मीच हात खाली घेतला. "शेषा, दिवस बुडल्यावर माह्या छपरावर काय राह्यते? रातभर माहा कूलर गावाच्याच तारेवर चालते. मंग मी कोणाकोणाचा उपकार फेडू?"

मग बटण त्यानंच दाबलं. "हे एसटीत सांगजो," म्हणाला.

सांगितलं. त्याच एसटीत, उभा राहून. लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले. शेषरावही हसला, अन् तेवढ्यानं मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

घरी येऊन ते गयामायला सांगायला गेलो. ती कूलरसमोर पाय पसरून बसलेली. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली, "दुसऱ्याच्या जिवावर बेतते तवा तुहं पॅनेल चूप बसते म्हन्तात. खरं काय रे?"

"खरं आहे, माय."

"मंग तुह्याच घरचं असून तुह्यावर कसं नाई गेलं?"