तपासणाऱ्याचं नाव

बाबांच्या तेरवीनंतर देवळीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासाबरोबर काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. बाबा लग्नपत्रिका छापायचे. त्यांचा स्कॅनर कॉम्प्युटरच्या आत बसवलेल्या एका जुन्या सर्किट-कार्डावर चालायचा. त्या कार्डाला मेमरीतला पत्ता समजेल असा करून देणारं फंक्शन लिनक्स या त्या कॉम्प्युटरवरच्या खुल्या प्रणालीतून ती सांभाळणारे प्रोग्रॅमर काढून टाकणार होते. त्याच्या जागी नवं बसवून खऱ्या कार्डावर कुणी तपासलं नाही, तर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅमही जाणार होता. मीही प्रोग्रॅमर; मी नवं बसवलं. बाबांनी एकामागून एक सहा पत्रिका स्कॅन करून छापल्या, तर पहिली सोडून प्रत्येकीत आधीच्या पत्रिकेचा एक पट्टा उमटला. ‘‘स्कॅनर म्हातारा झाला, बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘त्याले काऊन दोष देऊन राह्यली?’’ त्यांनी सहाही कागद टेबलावर ओळीनं मांडले. ‘‘पट्टा दरवेळी एकाच जागी हाये. अन् इथं पाह्य बाई, याचा नवरदेव, त्याची नवरी! कोणाचं लगन कोणाशी लावून राह्यली तू?’’ मी हसत कोड पुन्हा वाचला. एका ठिकाणी जुनंच फंक्शन राहून गेलं होतं. ते बदलल्यावर सगळ्या जोड्या जुळल्या. लिनक्सवाल्यांना असा बदल पाठवताना तपासणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. मी बाबांचं लिहिलं. ‘‘मले यातलं काही समजत नाई, माझं नाव काऊन?’’ ‘‘चूक तुम्ही पकडली.’’ जन्मभर दुसऱ्यांची नावं छापणाऱ्या बाबांनी चष्मा पुसून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. बदल स्वीकारला गेला, ड्रायव्हर राहिला. काल त्या बदलाची नोंद मी पुन्हा उघडली. माझ्या नावाखाली त्यांचं नाव आहे, आणि ते आता कुणी पुसणार नाही.