माझ्या गोळ्या अन् बिरूमामाचा एडका

आता कुठल्या तोंडानं सांगू तुमाला! असा येडेपणा झाला माझ्या हातून, की एडका दिसला तर अजून मी रस्ता बदलतो.

युसूफ वडगावात माझं किराणा दुकान, कडेला एसटीडीचं खोकं. डॉक्टरांनी नुकतीच मला कोलेस्टेरॉलची गोळी चालू केलती. त्यातच बिरूमामा धनगर मेंढरं घेऊन आष्टीकडं निघाला. त्याचा एडका लंगडत होता, पाय टम्म सुजलेला.

"आण्णा, चार दिस ठिवा. लेकावानी हाय माजा," म्हणला अन् खांद्यावर कुऱ्हाड टाकून गेला.

एडका सारखा कण्हायचा. चौथ्या दिशी मला बघवंना. तेवढ्यात आठवलं, औषधांचं शिकणारी माझी पुतणी दिवाळीत म्हणलीती, "काका, तुमचीच गोळी प्रयोगात उंदरांना दिली, तर सूज उतरली, दुखणंही कमी झालं."

मग? उंदराला गुण येतो, तर एडक्यानं काय घोडं मारलंय? जनावर केवढं धिप्पाड! अख्खी पट्टी गुळात कालवून चारली मी.

तासाभरात एडका आडवा! पाय ताणलेले, डोळे पांढरे. धावत जाऊन पुतणीला फोन लावला.

"किती दिल्या, काका?"

"धा."

"अगं बाई! अहो, ते उंदरांवरचं! माणसांचं अजून ठरलं नाही, अन् तुम्ही एडक्यावर पोचलात?"

महादेवाला नारळ बोललो. एडक्यापुढं हात जोडले, "ऊठ रे राजा, माझी अब्रू तुझ्या हातात!" कान बी हलवंना हो! अन् दारात कोण? बिरूमामा! खांद्यावर तीच कुऱ्हाड. मी सरळ बायकोच्या मागं दडलो.

मामानं खूर उचलला, चाचपला अन् बोटाएवढा बाभळीचा काटा उपसला.

"ह्योच सलत व्हता. आता वर आला बगा. दमला की ह्यो असाच मेल्यावानी झोपतो. पण आण्णा, तुमी कावून घामाघूम?"

एडका उठला, अंग झाडलं अन् मामाच्या पुढं चालाय लागला.

त्या भेदरीनं मी पुढं गोळीला हातच लावला न्हाई. महिन्यानं डॉक्टर माझा रिपोर्ट बघून म्हणले, "चरबी तर वाढलीय! गोळ्या संपल्या ना? मग गुण गेला कुठं?"

मी संगं आलेल्या बायकोकडं बघितलं. बायको म्हणली, "आष्टीला गेला, साहेब. लई तुरुतुरु चालत गेला."