नंदुरबारच्या धावपट्टीवरची दुपार

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ वसंता नंदुरबारला निघाला. लष्कराने सोडलेली तिथली धावपट्टी मुंबईच्या विमानांना चालेल का, हे त्याला पाहून विमान कंपनीला कळवायचं होतं. घरी बसणं मला सोसत नाही. मीही निघाले.

जळगावहून गाडी थेट जाते. खिडकी धरा आणि भाकरी घरची घ्या. स्टेशनावर टांगेवाला रुपया मागतो, आठ आण्यांत येतो. पुढे रस्ता म्हणजे नुसत्या चाकोऱ्या.

पट्टी आधी नाकाला कळली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मिरच्या वाळत होत्या. वसंताला ठसका लागला.

"हाऊ विमान उतारी?" वसंताकडे बोट दाखवत एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या भुरीबाईंनी आम्हाला भाकरी-ठेचा वाढला. आम्ही जेवत असतानाच त्या उठल्या. हसणं थांबलं. बायकांनी पट्टीवरच्या मधल्या मिरच्या भराभर कडेला ओढल्या आणि स्वतःही बाजूला झाल्या. टांग्याचं घोडं आपणहून मागे सरलं.

"आक्का, बाजूले व्हा. ते ई ऱ्हायनं," भुरीबाई म्हणाल्या. काय येतंय, ते मला कळेना.

मी मधोमध उभी राहिले. मला काहीच ऐकू आलं नाही. पण साऱ्यांच्या माना एकाच संथ गतीने दक्षिणेकडून सातपुड्याकडे वळत गेल्या. आकाशात घारसुद्धा नव्हती. वसंताचीही मान वळत होती.

नंतर भुरीबाईंनी सांगितलं. लढाईत एक विमान इथे उतरायला आलं, तेव्हा पट्टी अशीच झाकलेली होती. "मिरची आमनी व्हती. त्याले पट्टी दखायनीच नई. घिरट्या मारात नि डोंगरमा गयं." ते पुन्हा दिसलं नाही. तेव्हापासून रोज त्या वेळी या बायका त्याच्यासाठी जागा करतात.

"मुंबईची विमानं सुरू झाल्यावर मिरच्या कुठे वाळवाल?" वसंताने विचारलं.

"मिरची कोठेबी सुकाडसूत, दादा. पन ते परत उनं तर कोठे उतरी? तेवढी येळ त्याले ठेवजा."

"मेलेल्यांना वेळापत्रक नसतं," मी बजावलं. भुरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वसंताच्या तोंडाकडेच पाहत राहिल्या.

घरी आल्यावर वसंताने अहवाल मला वाचायला दिला. पट्टी योग्य आहे, नंदुरबार मुंबईला जोडलं जावं, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: दुपारी अर्धा तास पट्टी मोकळी ठेवावी, तेव्हा आडवा वारा असतो.

त्या दुपारी पानही हललं नव्हतं. वसंताच्या लिखाणातलं खोटं मी कधी खपवून घेत नाही. पेन्सिल हातात होती. ती ओळ मी तशीच राहू दिली.