एकदेह आणि कॉपी

नांदेडच्या चर्चमध्ये जोडप्यांचं शिबिर होतं. लातूरहून आम्ही दोघं एसटीच्या एकाच बाकावर बसून गेलो, पण तीन दिवसांपासून आमचं बोलणं बंद होतं. कारण साधंच. नवऱ्यानं मला न विचारता चर्चच्या सगळ्या गायकमंडळाला जेवायला बोलावलं होतं. बारा माणसं आणि भाकऱ्या थापणारी मी एकटी.

शिबिराचा विषय होता, 'संसारातली एकी'. प्रवचनानंतर पाळकसाहेबांनी खेळ ठेवला. नवरा-बायकोनं पाठीला पाठ लावून बसायचं आणि प्रश्नाचं उत्तर आपापल्या पाटीवर लिहायचं. उत्तरं जुळली की एक गुण.

पहिला प्रश्न, बायकोची आवडती भाजी. ह्यांनी शेपू लिहिलं. शेपूच्या वासानंसुद्धा मी घराबाहेर जाते. अख्खा हॉल हसला. शेजारी एक जोडपं होतं, एकाच रंगाची साडी आणि शर्ट घालून आलेलं. त्यांचं उत्तर जुळलं आणि त्या बाईनं माझ्याकडं असं काही पाहिलं, की माझा राग नवऱ्यावरून उठून तिच्यावर जाऊन बसला.

पुढचे सगळे प्रश्न 'तो की ती' असे होते. मी मान जरा मागं टाकली आणि पुटपुटले, "ऐका. बांगड्या वाजल्या की मी. खोकले की तुम्ही."

तीन दिवसांतलं माझं पहिलं वाक्य ते.

"हाव," मागून होकार आला.

आधी कोण रुसतं? बांगड्या. घोरतं कोण? खोकला. सलग आठ उत्तरं जुळली आणि आम्ही पहिले आलो.

पाळकसाहेब गहिवरले. "ह्याला म्हणतात एकदेह! या, साक्ष द्या."

ह्यांनी माईक हातात घेतला. कान लाल झालेले. "साहेब, चर्चमध्ये खोटं कसं बोलू? आम्ही कॉपी केली."

मला हसावं की पळावं कळेना. पण त्यांना तिथं एकटं उभं राहू देणं जिवावर आलं. मी उठले. "कल्पना माझी होती. ते फक्त ऐकत होते."

हॉल हसून हसून लोळला. पाळकीणबाई म्हणाल्या, "बक्षीस न्हाई. दोघं मिळून सगळ्यांची ताटं घासा."

चर्चच्या मागच्या नळावर मी घासत होते, ते विसळत होते. ताटांचा ढीग निम्मा झाल्यावर ते म्हणाले, "मी आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

"लई लवकर सुचलं!"

"चुकलंच माझं."

मी त्यांच्या तोंडावर साबणाचा फेस उडवला. त्यांनी अख्खा तांब्या माझ्यावर ओतला. ओल्या साडीनं मी लातूरच्या एसटीत चढले.

"खिडकीशी तू बसते का मी बसू?" त्यांनी विचारलं. मग काच उघडू का, पिशवी वर ठेवू का, पाणी देऊ का. वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत हेच चालू. शेवटी मीच हात जोडले, "अहो, आता न विचारता झोपा जरा!"