बाईंपुढं ‘असतंच की’ चालत नसे

“असतंच की” असं कुणी म्हणालं की डॉक्टरीणबाई हातातलं पेन खाली ठेवायच्या. “असतंच म्हणजे? का असतंय?” कोल्हापुरातला त्यांचा दवाखाना लहान, पण आवाज बाहेरच्या बाकापर्यंत पोचायचा.

मी हुपरीहून त्यांच्याकडे गेले तेव्हा मुलगी मांडीवरची होती. गरोदरपणात माझं बीपी थोडं चढलं होतं. बाळंतपणानंतर उतरेल, असं सगळेच म्हणत. ते आणखी चढलं. गोळ्या वाढवल्या, तरी ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, “बाळंतिणीला असतंच की, बाई.”

पेन खाली!

मग बाईंनी मला खोदून खोदून विचारलं. तहान लागते का? पाय कसे आहेत? पायांचं मी कुणाला बोलले नव्हते. खाली बसलं की उठवत नसे, पोरीला घेऊन पायरी चढायची भीती वाटे. अशक्तपणा समजून मी डिंकाचे लाडू खात होते.

रक्तात पोटॅशियम फार कमी निघालं. बाई खुर्चीतच पुढं सरकल्या. “गरोदरपणात बीपी थोडं, आणि नंतर जास्त? उलटं कसं गं?” हार्मोनच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन लावला. मग मला समजावलं, “मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असती. तिचा एक हार्मोन अंगात मीठ धरून ठेवतोय, पोटॅशियम बाहेर टाकतोय. पोटात पोर असताना वारेतला दुसरा हार्मोन त्याला दाबतोय. वार पडली, की हा मोकाट. तुझं तसंच झालंय का, बघू या.”

तसंच होतं. डाव्या ग्रंथीवर वाटाण्याएवढी गाठ निघाली. सासूबाईंचा चेहरा उतरला.

“कॅन्सर न्हाय, मावशी. गाठ साधी हाय, खोड मोठी हाय.”

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. बीपी हळूहळू उतरलं, गोळ्या सुटल्या. एक दिवस पोरीला कडेवर घेऊन मी न थांबता गच्चीवर गेले आणि तिथं उभ्या उभ्या रडले.

गेल्या वर्षी बाईंनी दवाखाना बंद केला. लेकीकडे निघायच्या दिवशी मी भेटायला गेले. कपाटं रिकामी, रिक्षा दारात. माझा हात धरून म्हणाल्या, “एक राहिलंय. तवा पायात नेमकं कसं वाटायचं? पुस्तकात नुसतं ‘अशक्तपणा’ लिहिलंय.”

मी आठवून सांगितलं, “ओल्या वाळूतनं चालल्यासारखं, बाई. पाय आपलेच, पण आपलं ऐकत नाहीत.”

बाई उठल्या. जड पाय ओढत रिकाम्या खोलीत भिंतीपर्यंत चालून आल्या. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

“थांब म्हण त्याला,” म्हणाल्या आणि परत एकदा चालून बघू लागल्या.