उघड्या पाठीचा कोंबडा

खोडाळ्याच्या बाजारात एक बाई एकच कोंबडा घेऊन बसली होती. त्याची पाठ उघडी पडली होती.

"पिसंच नाहीत. निम्म्या भावात दे," मी म्हणालो. भजी तळून तीन दुकानं उभी केली आहेत मी. खोट दिसली की भाव पाडतोच.

तिनं कोंबड्याच्या पाठीवर फुंकर मारली. पिसांचे बारीक काळे कोंब दिसले. "मुळं जिती हायेत, येतील," ती म्हणाली. मग माझ्या टोपीकडे बघून, "शेठ, तुझं दाखव."

तेल उडून माझं डोकं भाजलं होतं. ठाण्याच्या एका दवाखान्यानं मूळपेशी टोचून केस आणतो म्हणत वर्षभर खेळवलं. नाशिकचा डॉक्टर म्हणाला होता, केसाच्या मुळाशी असलेल्या या पेशी केस आणतात आणि जखमेवर कातडीही आणतात. खोल भाजलं की त्याच जळतात. मी त्याच्याशी भांडून आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा ठाण्याला निघणार होतो.

मी टोपी काढली. तिनं डागावरून अंगठा फिरवला. कडेला थांबली, मधे थांबली.

"कडेला मुळं होती, तिथं कातडी मऊ आली, केसही आले. मधी सगळं जळलंय. कोंबड्याला औषध लागत नाय, तुला लागू पडत नाय."

आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली, पण अंगठा तिनं हळूच उचलला.

ठाण्याला मी गेलो नाही. राग एवढाच आहे की मी डोकं उघडं करूनही तिनं कोंबड्याचा भाव एका रुपयानंही उतरवला नाही.