ग्लेनचा उजवा हात

गेल्या महिन्यात जोनचा, म्हणजे ग्लेनच्या बायकोचा, फोन आला. "ग्लेन गेला," एवढंच ती म्हणाली. मला आधी वाटलं, हॉस्पिटलमधून कुणाला न सांगता घरी गेला असेल. डॉक्टरांवर भरवसा नाही म्हणून त्याने पूर्वी तसं केलंही होतं... मग जोन रडायला लागली.

मी फिजिओथेरपिस्ट. दोन हजार सालानंतर नागपूरहून व्हँकुव्हरला आले, तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अप्लाय करत करत जवळच्या एका छोट्या संघात काम मिळालं. मोठ्या संघासाठी तरुण खेळाडू तयार करणारा हा संघ, आणि ग्लेन त्याचा मॅनेजर. कुणाला खेळवायचं, कुणाला बाहेर काढायचं, सगळं तोच ठरवी. पूर्वी तो स्वतः व्यावसायिक पिचर होता, आपल्याकडचा बोलर म्हणा ना. ऐन उमेदीत कोपर दुखायला लागला, तेव्हा संघाच्या डॉक्टरने 'यू आर फाइन' म्हणून त्याला खेळायला लावलं. उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून 'फाइन' म्हणणाऱ्या प्रत्येकाचा त्याला संशय. कुणी ओठ वाचेल म्हणून तो पार्किंगमध्येसुद्धा तोंडापुढे हात धरून बोलायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "डॉक, तुला कुणी पाठवलंय?"

"कुणी नाही. जाहिरात बघून आले."

"सगळे तेच सांगतात."

एका उन्हाळ्यात सेमीफायनलला आमचा पिचर डॅनी असा काही फेकत होता की समोरच्यांना एक फटका धड मारता येईना. लोक उभे राहून ओरडत होते. आणि ग्लेन शांतपणे मैदानात चालत गेला, डॅनीच्या हातातून चेंडू काढून घेतला, दुसऱ्याला दिला. लोकांनी हुर्यो उडवली. सामना आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये डॅनीने ग्लोव्ह भिंतीवर आपटला. "माझा हात फाइन आहे!"

ग्लेन माझ्याकडे वळला. "डॉक?"

"सकाळी तपासला तेव्हा काही सापडलं नाही," मी खरं ते सांगितलं.

सीझन संपताच मोठ्या संघाने त्याला काढलं. सामान गाडीत भरताना त्याने विचारलं, "हात ठीक होता असं ऑफिसला तूच सांगितलंस ना?"

"मला कुणी विचारलंच नाही, ग्लेन."

"हं."

हिवाळ्यात डॅनी माझ्याकडे आला तो सुजलेला कोपर घेऊनच. कितीतरी दिवस गोळ्या खाऊन त्याने दुखणं लपवलं होतं. मी बर्फातून गाडी काढली आणि ग्लेनला सांगायला गेले. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्याला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "घाम डाव्या हाताने पुसायला लागला होता." मग भुवया आकसून म्हणाला, "पण आत्ताच का कबूल करतोय? त्याला काय हवंय?"

पुन्हा कुणी त्याला मॅनेजर केलं नाही. पुढे मी बेसमेंटमध्ये स्वतःचं क्लिनिक काढलं, तेव्हा ग्लेन आपल्या त्या जुन्या कोपरदुखीसाठी यायला लागला. टेबलावर पडल्या पडल्या विचारायचा, "नक्की तू सांगितलं नव्हतंस?" मी नाही म्हणायची, तो "हं" म्हणायचा. वर्षानुवर्षं. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीतही तेच. मी चिडून म्हटलं, "आता तरी विश्वास ठेव ना!"

अंत्यविधीनंतर जोनने मला बाजूला घेतलं. "त्या डॉक्टरनंतर त्याने त्या हाताला कुणाला स्पर्श करू दिला नव्हता. मलासुद्धा नाही. फक्त तुला."

मला फार बरं वाटलं. पण घरी पोचता पोचता मनात आलं, माझ्या समाधानासाठी तर म्हणाली नसेल? नक्की काय ते विचारावं म्हणून फोन हातात घेतला... लावला मात्र नाही.